घरगाडीच्या काचेला घाम

नीळकंठ: आणि ही अकरावी नोंद. वाचू?

नंदाबाई: वाचा ना साहेब. माहे हात सुईत गुंतले, कान तं मोकळे हायेत.

नीळकंठ: "दिनांक अठरा डिसेंबर दोन हजार पाच. मुक्काम मुकुटबनच्या अलीकडे, तांड्यालगत, कडुलिंबाखाली. सकाळी सात वाजता मेटाडोरच्या समोरच्या काचेला आतून पाणी सुटलेले आढळले. डावीकडे ओघळ सात, उजवीकडे नऊ. खालच्या पत्र्यावर साचलेले पाणी सुमारे अर्धी वाटी."

कुंदा: पाऊण वाटी. फडकं मी पिळलंय, तुम्ही नाही.

नीळकंठ: सुमारे लिहिलंय, कुंदा.

कुंदा: नंदाबाई, चौतीस वर्षं यांनी पाटबंधारे खात्यात काढली. अख्ख्या जिल्ह्याचं पाणी कागदावर मोजलं. आणि स्वतःच्या गाडीत पाणी कुठून येतं ते काही सापडत नाही.

नंदाबाई: हासवू नका बाई, सुई बोटात जाईन.

नीळकंठ: सापडत नाही कसं? काचेभोवतीचं रबर! नेरच्या उत्तमसिंग मिस्त्रीनं दोनदा बसवलं आणि दोन्ही वेळा हयगय केली. मी त्याला तसं लेखी कळवलंय. "उपरोक्त काच आपल्या निष्काळजीपणामुळे..."

नंदाबाई: पन साहेब, दिवाळीपासून पावसाचा थेंब नाही. रबर फाटकं असन, तरी आत येईन काय?

नीळकंठ: दव.

नंदाबाई: दव भायेर पडते. तुमी तं आतून म्हनता.

कुंदा: आता कळलं? मी सांगितलं की बायको बोलते. आता नंदाबाई सांगताहेत.

नीळकंठ: मी सगळं करून पाहिलंय हो. काचेला साबण चोळला. बटाटा चोळला. मिठाची पुरचुंडी ठेवली, ती सकाळी रडत होती. रबराच्या कडेनं पट्टी चिकटवली, खिडक्यांच्या फटी बुजवल्या, दाराखाली पोतं लावलं. आता मुंगीसुद्धा आत येऊ शकत नाही.

नंदाबाई: अन् पानी मात्र येते.

नीळकंठ: येतं.

कुंदा: जाऊ द्या आता. उद्या दहा वाजता फुलचंद येतोय. तो बघेल काय ते.

नंदाबाई: कोन फुलचंद? पांढरकवड्याचा? नाश्त्याची गाडी लावते तो?

कुंदा: तोच. दुसरी गाडी टाकायची आहे त्याला. आमच्या साकेतनं, मुलानं, पुण्याहून फोनवरच ठरवलं. मला दमा आहे ना. ओल लागली की छातीत शिट्टी वाजायला लागते. परवा एसटीडीवरून बोलताना त्यानं तिकडून ऐकली. म्हणाला, बाबा, हौस झाली, आता बास. गाडी देऊन टाका आणि आईला घेऊन इकडे या.

नंदाबाई: मंग हे खिडक्याचे पडदे कायले शिवाले टाकले माह्याकडे? फुलचंदाच्या भज्यांवर पांघराले?

नीळकंठ: हा शेवटचा उपाय आहे, नंदाबाई. साकेतशी माझं ठरलंय. उद्या सकाळी काच कोरडी निघाली तर गाडी राहील. ओली निघाली तर फुलचंदच्या हातात किल्ली. हिच्या छातीपुढे मला गाडी मोठी नाही. पण एक रात्र तर मिळाली पाहिजे. चार महिने खपून आत दोन पलंग केले, ओटा केला, टाकी बसवली. आधी आपला जिल्हा फिरायचा, मग उन्हाळ्यात हिमालय, असं ठरलं होतं. आणि अजून मुकुटबनसुद्धा आलं नाही.

नंदाबाई: बरं. बाजूच्या चार खिडक्याचे झाले पाहा. आतून कापूस भरला, वरून धावदोरा घातला. बाईनं सांगतलं तसं आरशाच्या कामाचं फूल आतल्या अंगाले, भायेरून निस्ती खाकी.

कुंदा: हो, बाहेरून साधंच हवं. कोणाच्या नजरेत भरायला नको. आत कोणी राहतं हे कळायला नको, बस्स.

नीळकंठ: आणि समोरच्या काचेचा? तो सगळ्यात जाड करायचा ठरला होता. दुप्पट कापूस.

नंदाबाई: तो नाही शिवला म्या. शिवतही नाही.

नीळकंठ: का बरं?

नंदाबाई: सांगतो. या वर्षी भाव नाही म्हनून कापूस घरातच पडून हाय आमचा. मोठ्या खोलीत आढ्यापर्यंत गंजी. आज भाव निघन, उद्या निघन करता करता दीड महिना झाला. माहा नवरा भावसिंग आताही मुकुटबनले तेच विचाराले गेला हाय. आमी तिघं जनं त्या गंजीच्या अंगालेच झोपतो. मले ईचारा कापूस काय चीज हाय ते. पानी पेते तो. भात शिजवला त्याची वाफ पेते, न्हानीतली ओल पेते, आपला श्वास पेते. भायेरून पांढरा दिसते अन् हात घातला का आतून दमट. मंग पिवया पडते, अन् भाव होता तोही जाते.

नीळकंठ: म्हणजे समोर कापूस लावला तर...

नंदाबाई: दोन दिवसात वास मारन. कापूस बाजूले चालते, दिवसा काढून उन्हात टाकता येते. समोरची काच मोठी हाय, थंडी तिलेच पयले लागते. तिले आतून नाही, भायेरून पांघरा. काच थंडच नाही झाली तं तिले घाम कायले येईन?

नीळकंठ: थांबा, हे लिहून घेतो. "काचेस बाहेरून पांघरूण."

कुंदा: त्यांना सांगा तुमचा चांदीचा कागद.

नीळकंठ: हां, तो. साकेतनं पाठवला पुण्याहून. आत हवेचे फुगे, दोन्ही अंगांनी चकचकीत. मोटारवाले आतून लावतात म्हणे. मी लावला, कडेनं पक्का चिकटवला. सकाळी त्याच्यामागेच पाण्याचं तळं.

नंदाबाई: आना तो इकडं. फेकू नका. खताच्या पोत्याचे दोन पदर करतो, मधात हा कागद ठेवतो अन् चहूकडून टाके घालतो. पोतं धुतलं का काही होत नाही त्याले, पानी लागलं तरी झटकलं का झालं. दोन्ही बाजूनं लांब कान ठेवतो. ते दारात दाबून दार लावलं का वाऱ्यानं उडत नाही, अन् कोनी चोरूनही नेत नाही.

नीळकंठ: वा! कान दारात. हे मला का सुचलं नाही?

कुंदा: तुम्ही रबर बघत होतात.

नंदाबाई: पन साहेब, मले एक गोष्ट गमत नाही. तुमी दोघंच जनं. दोघाच्या श्वासानं काच धुरकट होईन, नाही म्हनत नाही. पन पाऊन वाटी? सोळा ओघळ? आमी तिघं झोपतो, वरून कापूस. तरी एवढं पानी नाही होत. रात्री करता काय आत?

कुंदा: अहो, काय करणार! झोपतो.

नंदाबाई: सैपाक?

कुंदा: एक वेळ खिचडी. कुकरच्या चार शिट्ट्या.

नंदाबाई: खिडकी उघडी?

नीळकंठ: छे. मी सगळ्या बुजवल्यात म्हटलं ना. हिला गार वारा सोसत नाही.

नंदाबाई: थोडं पानी तं तुमी सोताच कोंडलं मंग. पन खिचडी आठ वाजता होते. येऊन पाहू काय आत? राग नका मानू.

कुंदा: या ना. चप्पल राहू द्या पायात... बरं, काढा तिथेच. हा माझा पलंग, हा यांचा. हा ओटा.

नंदाबाई: बाप्पा! लय झाक केलं हो. डबे कसे खोचून ठेवले, एक हालत नाही. अन् ह्या आकड्या कायच्या? एक आरशापाशी, एक मांगच्या दारापाशी.

नीळकंठ: कंदिलासाठी असतील. सुतारानं केल्या.

नंदाबाई: कंदिलाले दोन? अन् दोरी घासल्याचे वळ कायचे मंग ह्याईले? पाहा, रंग गेला.

नीळकंठ: दोरी? कसली दोरी? कुंदा, आपल्या गाडीत दोरी आहे?

कुंदा: आहे. उशीखाली. माझे कपडे असतात त्यावर रात्री.

नंदाबाई: ओले?

कुंदा: मग काय कोरडे वाळत घालतात का कोणी! तुम्ही झोपलात की बांधते. पाच वाजता उठून काढते आणि घडी करून ठेवते. दोन परकर, साडी, आणि... सगळं. तुमचा पंचा आणि बंडीसुद्धा. अकरा दिवसांत तुम्ही एकदा तरी विचारलंत, की बंडी धुतेस कधी आणि वाळते कुठे?

नीळकंठ: मला वाटलं... मला काही वाटलंच नाही.

कुंदा: तेच तर.

नंदाबाई: अन् पाच वाजता वाळेल असते?

कुंदा: कडकडीत. मी तर खूश होते. म्हटलं, काच ओली असली तरी आपली गाडी आतून उबदार आहे, एका रात्रीत कपडे वाळतात.

नंदाबाई: मंग त्यातलं पानी कुठं गेलं, बाई?

कुंदा: कुठं म्हणजे...

नंदाबाई: साडी वाळली. परकर वाळले. खिडक्या बंद, फटी बंद, मुंगी जात नाही. पानी जाईन कुठं?

कुंदा: अगं बाई.

नीळकंठ: काचेवर.

कुंदा: अगं बाई गं! म्हणजे माझीच साडी मी रोज सकाळी काचेवरून पुसत होते?

नीळकंठ: आणि उत्तमसिंगला मी लेखी कळवलं! "निष्काळजीपणा" असा शब्द वापरलाय मी, कुंदा! खाली सही केली आहे! रजिस्टरनं पाठवलंय!

नंदाबाई: हासू द्या मले थोडं. पोटात दुखून राह्यलं.

नीळकंठ: हसा, हसा. अकरा नोंदी. ओघळ मोजत होतो मी.

नंदाबाई: पन बाई, भायेर काहून नाही घातले? एवढं ऊन पडते, लिंबाले फांद्या हायेत, ईचारलं असतं तं माह्या अंगनात दोरी होती. वरून साडी टाकली का खालचे परकर कोनाले दिसतात?

कुंदा: परकराचं नाही हो. घरी गच्चीवर घालतेच की मी. पण तिथे घर असतं मागे. इथे रस्त्याच्या कडेला, गाडीला दोरी बांधून कपडे वाळत घालायचे, जाणारा येणारा बघणार. आमच्या कॉलनीतल्या बायका आधीच म्हणाल्या, कुंदाताई, या वयात बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालात? त्यातलं कोणी एसटीनं जाताना पाहिलं तर म्हणेल, बघा, ही आता उघड्यावर राहते, अगदी...

नंदाबाई: अगदी काय?

कुंदा: काही नाही.

नंदाबाई: लमानासारखी?

कुंदा: नंदाबाई, मी तसं...

नंदाबाई: बोल ना. म्या काही मारत नाही तुले.

कुंदा: तोंडावर आलं होतं. खोटं कशाला बोलू.

नीळकंठ: कुंदा!

नंदाबाई: राहू द्या साहेब. खरं बोलली ती. म्याही खरं बोलतो. मले लागलं. हातातला टाका उसवावा लागन आता, वाकडा गेला. पन गंमत पाहा ना. आमी लमान, अन् आमची तीन पिढ्या झाल्या भिंतीत राहून. माह्या घराले स्लॅब हाय. मी भाव ईचाराले नवऱ्याले धाडतो अन् बसल्या जागी टाके घालतो. रस्त्यावर तं तूच निघाली.

कुंदा: हो. मीच निघाले.

नंदाबाई: माही सासू सुखीबाई सांगे. तिच्या आजीनं पाह्यलेलं. लदेनी, म्हंजे माल लादलेल्या बैलाचा तांडा, चाले तवा बैलाच्या पाठीवर मिठाच्या गोन्या अन् गोन्यावर ओल्या फेट्या, आमचे घागरे, वाळत घातलेले. चालता चालता वाळत. अन् गावच्या शिवेवरून ते लाल निळे कपडे दिसले का गावातल्या बाया पायली घेऊन भायेर येत. समजे त्याईले, मीठ आलं. कोनी नाही म्हने उघड्यावर राहतात म्हनून. म्हनत, आले. वाट पाहून राह्यलो होतो.

कुंदा: हे मला माहीत नव्हतं.

नंदाबाई: तुले कोन सांगन? मलेही सासूनंच सांगतलं.

कुंदा: माझं चुकलं, नंदाबाई. मनापासून चुकलं.

नंदाबाई: चुकलं तं चुकलं. चल याडी, च्या टाक. अन् पयले ती खिडकी उघड.

कुंदा: याडी म्हणजे काय?

नंदाबाई: माय.

कुंदा: साखर किती घालू तुम्हाला?

नंदाबाई: दोन चमचे. अन् थोडी अजून.

नीळकंठ: खिडकी मी उघडतो. पट्टी चिकटली आहे. जरा जोर लावावा लागेल. कुंदा, एक विचारू? तुला पुण्याला जायचं असेल तर आत्ताच सांग. पडदे शिवून घ्यायचे, काच कोरडी करायची आणि मग तू मनातून नाराजच असशील, तर मला ते नको.

कुंदा: मला? पुण्याला? सातव्या मजल्यावर? तिथे तर दोरीसुद्धा बाल्कनीच्या आत बांधतात.

नीळकंठ: मग फुलचंदला हो का म्हणालीस?

कुंदा: तुम्ही रोज सकाळी काचेपुढे उभे राहता तेव्हा तुमचं तोंड एवढंसं होतं. आणि मी खोकले की वही मिटता. मला वाटलं, कंटाळले हे, पण कबूल करायला लाज वाटते. म्हणून साकेतनं विषय काढला तेव्हा मीच आधी म्हणाले, विकून टाका.

नीळकंठ: आणि मला वाटलं, तू कंटाळलीस.

कुंदा: मला गाडी आवडते हो. सकाळी पडदा सरकवला की रोज वेगळं झाड. परवा केळापूरला जाग आली तेव्हा खिडकीत एक बकरी होती. माझ्याकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा अशी उठले मी. मला फक्त खोकला आवडत नाही.

नंदाबाई: तुमचं झालं असन तं मी पोते आनतो. संध्याकाळपर्यंत शिवाचं हाय. बाजूच्या पडद्याले वरून दोन बोटं जागा सोडजा, गच्च नाही बसवाचे. समोरच्या दाराच्या काचा दोन बोटं खाली. जाळी असन तं लावा, डास नाही येत.

नीळकंठ: गार वारा येईल ना पण.

नंदाबाई: कोरडा वारा गार असला तरी छातीले बरा. ओली ऊब वाईट. गोधडी देतो मी एक, अंगावर घ्या. कोंडून घेऊ नका. आमच्या कापसाच्या खोलीतही छपराचं एक कवेलू सरकवून ठेवलं हाय म्या.

नीळकंठ: स्लॅबच्या घराला कवेलू?

नंदाबाई: स्लॅब पुढच्या खोलीले हाय साहेब. तुमी लय बारीक पाहता, फक्त घरातली दोरी सोडून.

कुंदा: नंदाबाई, त्या समोरच्या पांघरुणाला काही काम करता येईल का? तुमचं ते, आरशाचं?

नंदाबाई: करता येईन. आतल्या अंगाले?

कुंदा: बाहेरच्या.

नंदाबाई: भायेरून? रस्त्यावरून दिसन मंग.

कुंदा: दिसू द्या.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, दहाला पाच कमी. कडुलिंबाच्या फांदीपासून मेटाडोरच्या छताच्या कठड्यापर्यंत दोरी ताणलेली आहे. समोरच्या काचेवरचं पोत्याचं पांघरूण काढून उन्हात टाकलंय, त्यावर सहा आरसे आणि अर्धवट राहिलेलं एक फूल.)

नीळकंठ: "दिनांक एकोणीस डिसेंबर. मुक्काम तोच. सकाळी सात वाजता समोरची काच..." नंदाबाई, तुम्ही पाहिलीत ना? साक्षीला तुमचं नाव टाकतो.

नंदाबाई: टाका. पन खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढं धुकं होतं, तेही लिहा. खोटं नका लिहू.

नीळकंठ: "उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढी वाफ, ती सव्वासातला आपोआप गेली. ओघळ निरंक." निरंक हा शब्द लिहायला फार बरं वाटतं, कुंदा. चौतीस वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नाही.

कुंदा: उत्तमसिंगचं पत्र लिहिलंत का?

नीळकंठ: लिहिलं. "उपरोक्त काचेबाबत चूक आमच्या घरची असल्याचे आढळून आले." घरची असं मोघम ठेवलंय.

कुंदा: मोघम कशाला? "माझ्या बायकोच्या साडीची" लिहा. त्यालाही हसू दे जरा. आणि नेरला गेलो की मी पेढे नेणार आहे त्याच्याकडे.

नंदाबाई: छाती कशी हाय?

कुंदा: वाजली नाही. एकदाही. पाचला जाग आली सवयीनं, दोरी काढायला. मग आठवलं, काढायला काही नाही. पडून राहिले तशीच. तुमच्या गोधडीत.

नंदाबाई: अन् आज कपडे तं पाह्यले म्या येता येता. साडी मधात, परकर दोन्ही बाजूनं. वरून काही झाकलंही नाही.

कुंदा: साडीखाली घातले असते तर वाळायला संध्याकाळ झाली असती. दुपारी निघायचंय आम्हाला. एसटी गेली मघाशी, बघत होते सगळे खिडकीतून. मी हात केला.

नंदाबाई: कोनी ओळखीचं होतं काय?

कुंदा: काय माहीत! एका बाईनं उलट हात केला.

नीळकंठ: कुंदा, नाल्याजवळ स्कूटर दिसतेय. फुलचंदच असणार. वेळेचा पक्का दिसतो. आता काय सांगू त्याला? साकेतनं शब्द दिलाय, पोराचाही मान राहिला पाहिजे.

कुंदा: पोराला संध्याकाळी मी फोन करते. शिट्टी ऐकली होती ना त्यानं, आता मोकळी छाती ऐकेल. फुलचंदला चहा विचारा.

नीळकंठ: चहा पिईल तो. पण गाडी विकायची आहे का, असं विचारेलच ना.

कुंदा: नाही विचारायचा. दोरीवर माझी साडी वाळतेय, दिसेल त्याला.